सेंद्रिय बिस्मथ-गंधक संयुगांसाठी कोणता कीलेट सांगाडा निवडावा?

अराइल गट (बेन्झीनसारख्या वलयांचे गट) असलेल्या बिस्मथवर गंधक बसवणे हा या कामातला अवघड भाग नव्हे. बिस्मथला गंधकाची ओढ इतकी प्रबळ असते की बिस्मथच्या क्लोराइडवर सोडियम थायोलेट (थायॉलचा क्षार) घातले, किंवा थायॉलच्या (गंधक-हायड्रोजन गट असलेल्या सेंद्रिय संयुगाच्या) जोडीला ट्रायइथिलअमाइन वापरले, तरी बिस्मथ-गंधक बंध बहुधा विनासायास तयार होतो. खरी कसोटी कार्बन-बिस्मथ बंध शाबूत ठेवण्यात असते. ट्रायफिनिलबिस्मथमध्ये या बंधाची सरासरी ऊर्जा सुमारे १९४ किलोज्यूल प्रति मोल इतकीच आहे. त्यामुळे अराइल गट एका बिस्मथवरून दुसऱ्यावर सरकतात आणि जादा थायॉलमधला प्रोटॉन त्यांना तोडूनही टाकतो. म्हणूनच कीलेट सांगाडा, म्हणजे एकाहून अधिक अणूंनी बिस्मथला धरणारी चौकट, निवडताना दोनच प्रश्न आधी विचारावेत: तो अराइल गटांना जखडून ठेवतो का, आणि गंधकासाठी बिस्मथवर एक जागा मोकळी ठेवतो की दोन?

सर्वांत सोपा पर्याय एका बाहूचा आहे, म्हणजे प्रत्येक अराइल वलयावर नायट्रोजनयुक्त एकच बाहू. डायमेथिलबेन्झिलअमाइनवर ब्युटिललिथियमची अभिक्रिया केली की लिथियम थेट ऑर्थो (शेजारच्या) स्थानी बसते, आणि अशा दोन सममूल्यांवर बिस्मथ ट्रायक्लोराइड घातले की डायअराइल क्लोराइड मिळते. मात्र यातले दोन नायट्रोजन सारखे वागत नाहीत. क्लोरीनच्या किंवा गंधकाच्या समोर येणारा नायट्रोजन बिस्मथपासून सुमारे २.५ आंगस्ट्रॉमवर असतो, तर कार्बनच्या समोरचा ३ आंगस्ट्रॉमच्या आसपास किंवा त्याहून दूर रेंगाळतो. शिवाय दोन्ही अराइल गट एकमेकांना बांधलेले नसल्याने मोनो, डाय आणि ट्रायअराइल संयुगांचे मिश्रण टाळण्यासाठी प्रमाणावर बारीक लक्ष ठेवावे लागते. अभिकारकांची चणचण असेल किंवा केवळ पहिली चाचणी घ्यायची असेल, तर हा सांगाडा चालेल. त्यावर मोठा प्रकल्प उभारू नये असे माझे मत आहे.

एकाच बिस्मथवर गंधकाचे दोन बंध हवे असतील, तर दोन बाहूंचा पिन्सर घ्यावा, म्हणजे एकच अराइल वलय आणि त्याच्या दोन्ही ऑर्थो स्थानी नायट्रोजनयुक्त बाहू. डायक्लोराइडमध्ये कार्बन शिखरावर, दोन नायट्रोजन समोरासमोर आणि दोन क्लोरीन समोरासमोर असा विकृत चौरस पिरॅमिड दिसतो. सोडियम सल्फाइडशी अभिक्रिया केली की घन अवस्थेत दोन बिस्मथ आणि दोन गंधक यांचे चौकोनी वलय असलेला द्विअणुक (डायमर) मिळतो. क्लुज (रोमानिया) येथील सिल्व्हेस्त्रू आणि पार्दुबित्से (चेक प्रजासत्ताक) येथील दोस्ताल यांच्या गटांनी या कुळावर भरपूर काम केले आहे. दोस्ताल यांच्या गटाने इमाइन बाहूंचा पिन्सर वापरून बिस्मथ(१) संयुग (बिस्मथची ऑक्सिडीकरण अवस्था +१) वेगळे केले आणि २०१३ मध्ये त्यावर सेंद्रिय डायसल्फाइडची ऑक्सिडेटिव्ह बेरीज (गंधक-गंधक बंध तुटून दोन्ही भाग बिस्मथला जोडले जाणे) करून दोन थायोलेट असलेली बिस्मथ(३) संयुगे मिळवली. थायॉल किंवा आम्लारी (बेस) न वापरता बिस्मथ-गंधक बंध बांधण्याचा हा मार्ग फार देखणा आहे, पण तो हवेला अतिशय संवेदनशील असलेल्या मध्यस्थातून जातो.

थायोलेट एकच हवे असेल आणि रेणू पुढच्या अभिक्रियांत टिकायला हवा असेल, तर मी तिसऱ्या, म्हणजे फुलपाखरू आकाराच्या सांगाड्याला निःसंशय झुकते माप देईन. २-ब्रोमोबेन्झिल ब्रोमाइड आणि टर्शरी-ब्युटिलअमाइन यांपासून दोन ब्रोमोबेन्झिल गटांचे अमाइन तयार करतात. नंतर कमी तापमानाला दोन सममूल्ये ब्युटिललिथियम आणि त्यामागून बिस्मथ ट्रायक्लोराइड घातले की आठ अणूंचे वलय बंद होते. दोन्ही अराइल गट नायट्रोजनमार्गे एकमेकांना बांधलेले असल्यामुळे त्यांची अदलाबदल होण्यासाठी वलयच मोडावे लागते. बिस्मथभोवती दोन कार्बन आणि एकाकी इलेक्ट्रॉन जोडी विषुवीय स्थानी, तर नायट्रोजन आणि गंधक अक्षीय स्थानी असतात. मात्र नायट्रोजन-बिस्मथ-गंधक कोन १८० अंशांपेक्षा बराच कमी भरतो. नायट्रोजन आपली इलेक्ट्रॉन जोडी समोरच्या बंधाच्या प्रतिबंधी (बंध कमकुवत करणाऱ्या) कक्षेत टाकतो. थायोलेटच्या बाबतीत ही कक्षा क्लोराइडपेक्षा उच्च ऊर्जेची असल्याने नायट्रोजन थोडा मागे सरकतो आणि बिस्मथ-नायट्रोजन अंतर वाढते. म्हणून दोन संयुगांमधल्या या अंतरांची तुलना करताना समोर कोणता गट बसला आहे हे आधी पाहावे, नाहीतर नायट्रोजनवरच्या गटाला नसलेले श्रेय दिले जाते.

याच सांगाड्यात नायट्रोजनच्या जागी गंधकही दाता (इलेक्ट्रॉन जोडी देणारा) म्हणून ठेवता येतो. अमाइनऐवजी सोडियम सल्फाइड वापरून थायोइथर बनवले की पुढचा मार्ग तोच राहतो. हा दाता दुबळा असल्याने बिस्मथची आम्लधर्मिता (इलेक्ट्रॉन जोडी स्वीकारण्याची क्षमता) अधिक शिल्लक राहते. उत्प्रेरक हवा असेल तर ते उपयोगी पडते, पण निव्वळ स्थिर थायोलेट हवे असेल तर नायट्रोजनच बरा.

फुलपाखरू सांगाड्याच्या क्लोराइडऐवजी त्याच्या ऑक्साइडवरून गेले तर थायॉलसोबत उपपदार्थ म्हणून फक्त पाणी निघते, क्षार गाळण्याचा त्रास वाचतो. मात्र यिन आणि शिमादा या रसायनशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवल्याप्रमाणे हे ऑक्साइड कार्बन डायऑक्साइड सहज शोषून घेते. त्यामुळे उघड्या राहिलेल्या बाटलीतला पदार्थ ऑक्साइड समजून मोजला, तर प्रमाण चुकलेच म्हणून समजावे.

फक्त बिस्मथ सल्फाइडचे थर किंवा कण हवे असतील, तर यातले काहीच करू नये. डायथायोकार्बामेटसारखे दोन गंधकांनी धरणारे लिगँड (धातूला बांधले जाणारे गट) बनवायला कितीतरी सोपे असतात आणि तापवल्यावर ते थेट सल्फाइड देतात.

ओळख पटवण्याच्या बाबतीत मात्र सगळे सांगाडे सारखाच त्रास देतात. बिस्मथ-२०९ चे केंद्रकीय परिवलन (स्पिन) ९/२ आणि चतुर्ध्रुवी आघूर्ण मोठे असल्यामुळे त्याचा एनएमआर (केंद्रकीय चुंबकीय अनुनाद) जवळजवळ निरुपयोगी ठरतो, आणि त्याला चिकटलेल्या कार्बनचा संकेत पसरट होऊन अनेकदा हरवतो. फुलपाखरू सांगाड्यात मेथिलीनचे दोन प्रोटॉन दोन वेगळे द्विक म्हणून दिसले, तर नायट्रोजन बिस्मथला धरून आहे याचा तो चांगला पुरावा असतो. बाकी भिस्त क्ष-किरण विवर्तनावर ठेवावी लागते, आणि बिस्मथ क्ष-किरण जबरदस्त शोषत असल्याने तांब्याऐवजी मॉलिब्डेनमचे किरण आणि शक्य तितका लहान स्फटिक निवडावा.