चक्र नेमके कुठे आहे ते दाखवणारे ‘ग्राफलिब’

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका पोलाद कारखान्यात भट्टीच्या देखभालीची कामे कोणत्या क्रमाने करायची हे ठरवणारा प्रोग्राम दुरुस्त करताना मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील ‘ग्राफलिब’ हे मॉड्यूल वापरले. कोणते काम कोणत्या कामांवर अवलंबून आहे हे दिले की ते कामांचा क्रम लावून देते. पायथन ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून, ते भाषेसोबतच येते. वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही.

जुना प्रोग्राम चक्र, म्हणजे कामे फिरून एकमेकांवरच अवलंबून असणे, नसतानाही चक्र असल्याचे सांगून थांबत असे. ‘भट्टी सुरू करणे’ हे काम ‘लायनिंग बदलणे’ आणि ‘पाण्याच्या नळ्या तपासणे’ या दोहोंवर अवलंबून होते आणि ती दोन्ही कामे ‘वीज बंद करणे’ या एकाच कामावर. दुसऱ्या वाटेने ‘वीज बंद करणे’ पुन्हा समोर आले की, ते आधी पाहिलेले आहे एवढ्यावरूनच प्रोग्राम चक्र जाहीर करी. दिशा असलेल्या ग्राफमध्ये, म्हणजे कामे हे नोड (बिंदू) आणि अवलंबून असणे हे बाण अशा जाळ्यात, एवढे पुरत नाही. एखादा नोड कधीतरी पाहून झाला आहे ही एक नोंद आणि तो आत्ता चालू असलेल्या वाटेवरच आहे ही दुसरी. चक्र सिद्ध होते ते फक्त दुसऱ्या नोंदीवरून, आणि मागे फिरताना नोड तिच्यातून काढावाही लागतो. ग्राफलिबमधील शोध या दोन्ही नोंदी स्वतंत्र ठेवतो. शिवाय तो रिकर्शनऐवजी (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याऐवजी) स्वतः ठेवलेल्या स्टॅकवर, म्हणजे शेवटी ठेवलेले आधी काढायच्या यादीवर, चालतो, त्यामुळे साखळी कितीही लांबली तरी पायथनची १००० ची रिकर्शन मर्यादा आड येत नाही.

मला सर्वांत मोलाची वाटली ती चक्र सापडल्यावर येणाऱ्या ‘सायकलएरर’ या एररची रचना. चक्रात अडकलेल्या कामांची यादी तो क्रमाने देतो, तिच्यातील पहिले आणि शेवटचे नाव एकच असते, आणि कोणता संबंध चुकीचा भरला गेला हे ती वाचून फोरमनलाही ओळखता येते. मात्र एका वेळी एकच चक्र कळते. अनेक असतील तर त्यांपैकी कोणते दाखवले जाईल याची हमी नाही.

गंभीर उणीव वेगळीच आहे. ग्राफलिबला द्यायच्या डिक्शनरीत (नावापुढे माहिती लिहिलेल्या तक्त्यात) प्रत्येक कामापुढे त्याच्या आधीची कामे लिहायची असतात. ती उलट भरली तर कोणतीही एरर येत नाही, कारण बाण उलटे केले तरी चक्रे तीच राहतात. क्रम मात्र उलटा मिळतो आणि ‘वीज बंद करणे’ सर्वांत शेवटी येते. भट्टीवर माणसे काम करत असतात, तेव्हा ही दिशा तीन-चार कामांच्या छोट्या यादीवर आधी तपासल्याशिवाय हे मॉड्यूल वापरू नये.