जाम कार्ब्युरेटर स्क्रूंवर जेआयएस पेचकस: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जुन्या जपानी मोटरसायकलच्या मिकुनी किंवा केहिन कार्ब्युरेटरवरचे स्क्रू फिलिप्ससारखे, म्हणजे नेहमीच्या अधिक चिन्हाच्या खाचेचे दिसतात, पण ते फिलिप्स नसतात. ते जेआयएसचे, म्हणजे जपानी मानकाचे असतात. या स्क्रूंची डोकी खराब होण्यामागे गंजाइतकाच हा गैरसमज कारणीभूत आहे. फिलिप्सचे टोक जेआयएसच्या खाचेत तळापर्यंत उतरत नाही. जोर दिला की ते वर चढते, निसटते आणि जाताना खाचेच्या कडा खाऊन टाकते. जेआयएसचे टोक नीट बसले, तर हात सोडला तरी पेचकस उभा राहतो. बऱ्याच जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो, पण तो नसला म्हणून स्क्रू फिलिप्स आहे असे धरू नये.

आठ महिने वापरात आहे तो वेसल या जपानी कंपनीचा मेगाडोरा इम्पॅक्टा ९८०, २ नंबरच्या टोकाचा. मुठीच्या मागच्या टोपीवर हातोडी मारली की टोक सैल करण्याच्या दिशेने सुमारे १२ अंश फिरते आणि त्याच क्षणी खाचेत खाली दाबलेही जाते. दाब आणि वळण एकदम मिळाल्यामुळे निसटायला वावच राहत नाही. फ्लोट चेंबर (खालची पेट्रोलची वाटी) आणि वरच्या टोपीचे एम४ आणि एम५, म्हणजे ४ आणि ५ मिलिमीटर जाडीचे स्क्रू या एका टोकाने निघतात. एम६ ला मात्र ३ नंबर लागतो. तिथे २ नंबर चालवून नेला तर स्क्रू आणि पेचकस दोन्ही जातील.

पेचकस लावण्याआधीची पाच मिनिटे सगळ्यात मोलाची. खाचेच्या तळाशी जुन्या पेट्रोलचा लाखेसारखा थर बसलेला असतो. तो अर्धा मिलिमीटर असला तरी टोक तेवढेच वर राहते. सुईने कोरा, कार्ब क्लीनर मारा, पितळी ब्रशने घासा, तळाचा धातू चमकेपर्यंत. मग टोक खाचेत ठेवून हातोडीचे दोन-तीन हलके टोले सरळ खाली द्या. स्क्रूभोवती जमलेली पांढरी भुकटी, म्हणजे पोलाद आणि हलक्या धातूच्या संगतीने झालेला क्षार, इथेच तडकते. त्यानंतर आट्यांत मुरणारे तेल सोडून रात्रभर ठेवा.

एवढ्याने हलला नाही तर उष्णता. बहुतेक बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि ती तापल्यावर पोलादाच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावते, म्हणून भोक स्क्रूपेक्षा जास्त मोकळे होते. पण हा मिश्रधातू ३८५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो, तेव्हा ज्योत नकोच. आधी पेट्रोल काढून बॉडी पूर्ण कोरडी करा, मगच हीट गन लावा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र आवाज आला की थांबा. आत प्लास्टिकचा फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) असू शकतो, तो वितळेल. लगेच, बॉडी गरम असतानाच टोला द्या. पाच मिनिटे थांबलात तर तापवणे फुकट गेले.

हातोडी २०० ते ३०० ग्रॅमचीच पुरे. कार्ब्युरेटर उलटा करून लाकडी ठोकळ्यावर असा ठेवा की ज्या स्क्रूवर टोला पडणार, त्याच्या खालीच आधार येईल. स्क्रूच्या भोकाचा कोपऱ्यावरचा कान अधांतरी राहिला तर तो तुटतो. इंजिनच्या कव्हरसाठीचा अर्धा इंची इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि किलोभराची हातोडी कार्ब्युरेटरसाठी नाही.

काही स्क्रूंना इम्पॅक्टा थेट लावू नये. चोकच्या पाकळीचे बारीक स्क्रू मागच्या बाजूने ठोकून फुलवलेले असतात. ते फुललेले टोक आधी बारीक कानशीने सपाट करा, नाहीतर स्क्रू शाफ्टमध्येच तुटतो. कार्ब्युरेटर एकत्र धरणाऱ्या पट्टीच्या सपाट डोक्याच्या स्क्रूंना कारखान्यातच थ्रेडलॉक, म्हणजे आटे चिकटवणारा गोंद, लावलेला असतो. तिथे आधी उष्णता, मगच टोला. पायलट स्क्रू (कमी वेगाचे मिश्रण जुळवणारा) आणि जेट (पेट्रोलची बारीक भोके) पितळेचे, सरळ खाचेचे. त्यांना खाचेची पूर्ण रुंदी भरणारा, समांतर टोकाचा पेचकस हवा. पायलट स्क्रू काढण्यापूर्वी हलक्या हाताने आत फिरवून तो टेकेपर्यंतचे फेरे मोजून लिहून ठेवा, पण जाम असेल तर आत दाबू नका. सुईसारखे टोक मोडून बसकीत अडकते.

खाच आधीच गुळगुळीत झाली असेल तर टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून एकदा प्रयत्न करा. तेही फसले तर एम४ चे डोके ४ मिलिमीटरच्या बिटाने, शक्यतो उलट्या फिरणाऱ्या, ड्रिल करून उडवा. डोके गेले की ताण संपतो, चेंबर उचलला जातो आणि उरलेला दांडा ग्रिप प्लायरने बहुतेक वेळा सहज फिरतो, कारण अडकलेले असते ते मुख्यतः डोक्याखाली आणि चेंबरच्या भोकात. एम४ मध्ये एक्स्ट्रॅक्टर (तुटका स्क्रू उलटा फिरवून काढणारे हत्यार) घालण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तो कडक पोलादाचा असतो. आत तुटला की साध्या ड्रिलने निघत नाही आणि बॉडी हातची जाते.

आठ महिन्यांनी टोकाच्या कडा थोड्या चकाकू लागल्या आहेत, पकड मात्र तशीच आहे. टोक सुटे बदलता येत नाही, म्हणून झिजले की अख्खा पेचकस नवा. टोल्याने तो फक्त सैल करतो. घट्ट करायचे तर तो साध्या पेचकसासारखा हातानेच फिरवावा लागतो.

परत जोडताना एम४ ला ०.७ पिचचे (दोन आट्यांत ०.७ मिलिमीटर अंतराचे) स्टेनलेस अॅलन, म्हणजे षटकोनी खाचेचे, स्क्रू चालतात, पण लांबी जुन्या स्क्रूवरून मोजूनच घ्या. लांब स्क्रू बंद भोकाच्या तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो आणि चेंबर गळतच राहतो. आट्यांना अँटी-सीझचा (आटे जाम होऊ न देणाऱ्या पेस्टचा) पातळ हात द्या, कारण स्टेनलेसही जस्ताशी जमत नाही. कस साधारण २ न्यूटन-मीटर पुरे: अॅलन चावीची आखूड बाजू दोन बोटांत धरून, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने.