जावा सोडून सेफ्टी-क्रिटिकल काम: गाडी निवडावी की वैद्यकीय उपकरण?

हिंजवडीत सात-आठ वर्षं जावात वेबचा बॅकएंड, म्हणजे संकेतस्थळांमागचं सॉफ्टवेअर, सांभाळला की अनेकांना सेफ्टी-क्रिटिकल कामाची, म्हणजे जिथे चूक झाली तर जिवावर बेतू शकतं अशा सॉफ्टवेअरची, ओढ लागते. मलाही लागली. पुण्यातल्या दोन्ही वाटा मी चालून पाहिल्या: आधी गाडी, आता वैद्यकीय उपकरणं.

जागांच्या बाबतीत तुलनाच नको. चाकण-पिंपरीचे कारखाने, वेताळ टेकडीवरची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था, यांमुळे गाड्यांचं काम इथे भरपूर. वैद्यकीय उपकरणांच्या जागांसाठी मला वर्षभर शोधावं लागलं.

गाडीत आयएसओ २६२६२ हे सुरक्षेचं मानक लागतं. ते २०११ साली आलं, २०१८ मध्ये सुधारलं. प्रत्येक धोक्याला तीन प्रश्न: इजा किती गंभीर, तशी परिस्थिती किती वेळा येते, चालकाला गाडी सावरता येईल का? उत्तरांवरून एसिल, म्हणजे सुरक्षेची पातळी, ए ते डी ठरते; डी सगळ्यांत कडक. धावत्या गाडीचं स्टिअरिंग आपोआप वळणं म्हणजे डी. कोड बहुतेक सी भाषेत आणि मिस्रा या सुरक्षित सीच्या नियमावलीत: रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) नाही, मॅलॉक (चालू असताना मेमरी मागणं) नाही. जावावाल्याला सुरुवातीला हात बांधल्यासारखे वाटतात. डी पातळीवर चाचण्यांच्या एमसी/डीसी कव्हरेजचीही अपेक्षा असते, म्हणजे प्रत्येक अट एकटीच निकाल फिरवू शकते हे चाचणीने दाखवायचं. 'अँड'ने जोडलेल्या तीन अटी असतील तर खऱ्या-खोट्याच्या आठही जोड्या तपासाव्या लागत नाहीत, नेमक्या निवडलेल्या चार पुरतात. त्या चार शोधताना मी विचार करायला शिकलो, आणि हे शिक्षण मला टेस्टिंगच्या जागेवर मिळालं. म्हणून ती जागा दुय्यम समजू नका.

उपकरणांत सॉफ्टवेअरसाठी २००६ चं आयईसी ६२३०४ हे मानक आहे. त्यात सॉफ्टवेअरचे धोक्यानुसार वर्ग ए, बी, सी. मृत्यू किंवा गंभीर इजा संभवत असेल तर वर्ग सी. कव्हरेजचा आकडा ते सांगत नाही, भाषेची सक्तीही करत नाही, त्यामुळे वेबवाल्याला प्रवेश सोपा. पण बाहेरून घेतलेली प्रत्येक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, इथे 'सूप' (कसं घडलं ते माहीत नसलेलं सॉफ्टवेअर) ठरते: आवृत्ती नोंदवा, तिचे माहीत असलेले दोष वाचा, रुग्णावर काय परिणाम होईल ते लिहा.

तुमचा जुना अनुभवही इथे कामी येतो. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ दरम्यान सहा रुग्णांना किरणांची प्रचंड मात्रा दिली. त्यातल्या काही अपघातांत ऑपरेटरने स्क्रीनवरची नोंद झपाट्याने बदलली होती आणि समांतर चाललेल्या कामांचा मेळ चुकला. आधीच्या यंत्रांत असलेलं हार्डवेअरचं स्वतंत्र संरक्षण इथे काढून टाकलेलं होतं. वेबमध्ये अशाच चुकांसाठी, म्हणजे रेस कंडिशनसाठी, रात्री जागलेल्या माणसाला हे वाचताना पोटात गोळा येतो.

सी भाषा शिकायची तयारी असेल आणि लवकर जागा हवी असेल, तर माझं मत गाडीला. संपूर्ण उत्पादन डोळ्यांसमोर हवं असेल आणि थांबायची तयारी असेल, तर उपकरणं. राजीनामा देण्याआधी मात्र आपल्याच एखाद्या सर्व्हिसमधल्या सगळ्या लायब्रऱ्यांची सूपसारखी यादी करा, दोषांसकट. हे काम तुम्हाला तिसऱ्या संध्याकाळीही करावंसं वाटतंय का, ते बघा.