सिलेक्टमधून अपडेट स्टेटमेंट्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने डेटा दुरुस्तीची बहुतेक कामं मी याच पद्धतीने करतोय. डेटाबेसमधला डेटा बदलणारं अपडेट स्टेटमेंट थेट चालवायचं नाही. आधी अशी सिलेक्ट क्वेरी (डेटा फक्त वाचणारी) लिहायची, की तिच्या प्रत्येक रोमधून (ओळीतून) एक तयार अपडेट स्टेटमेंट बाहेर पडेल. ती सगळी फाइलमध्ये घ्यायची, वाचायची, मगच चालवायची.

काय बदलणार ते आधी दिसतं, यासाठीच ही पद्धत मला आवडते. जॉइनमुळे (दोन टेबलं जोडल्यामुळे) एकाच आयडीला दोन रो जुळले, तर फाइल आयडीप्रमाणे लावली की दोन स्टेटमेंट्स एकाखाली एक दिसतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जॉइन लावून थेट अपडेट केलं, तर दोनांपैकी कुठलीतरी एक व्हॅल्यू लागते आणि एररही येत नाही.

व्हेअरमध्ये, म्हणजे अपडेटच्या अटीत, प्रायमरी कीसोबत (रेकॉर्डची ओळख असलेल्या आयडीसोबत) जुनी व्हॅल्यूही जरूर घाला: आयडी ४१७२ आणि स्टेटस अजून 'पेंडिंग' असेल, तरच बदल. मधल्या वेळेत कुणी तो रेकॉर्ड बदलला असेल, तर शून्य रो अपडेट होतात आणि त्याचं काम शाबूत राहतं. त्याच क्वेरीत जुनी-नवी व्हॅल्यू अदलाबदल केली की उलट फिरवायची फाइलही तयार. ती हाताशी असली की प्रॉडक्शनवर (चालू सिस्टिमवर) काम करताना केवढा धीर येतो! फक्त जुनी व्हॅल्यू नल (म्हणजे व्हॅल्यूच नाही) असेल तिथे बरोबरचं चिन्ह चालत नाही, 'इज नल' लिहावं लागतं.

त्रास खरा होतो तो कोट्स आणि नलचा. नावात अपॉस्ट्रॉफी आला की स्टेटमेंट मोडतं. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या कॉन्कॅटमध्ये (मजकुराचे तुकडे जोडणाऱ्या फंक्शनमध्ये) एक जरी तुकडा नल असला, तरी अख्खं स्टेटमेंटच नल होतं, म्हणजे तो रेकॉर्ड दुरुस्तीतून सुटतो. म्हणून मायएसक्यूएलमध्ये क्वोट फंक्शन आणि पोस्टग्रेसमध्ये फॉरमॅटचं '%एल' वापरा. दोन्ही कोट्स सांभाळतात आणि नलच्या जागी नल हा शब्दच लिहितात. तरी फाइलमधल्या स्टेटमेंट्सची संख्या आणि बदलायच्या रोंचा काउंट जुळतोय का, हे मी दर वेळी बघतो.

सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालवा, म्हणजे एक तर सगळे बदल होतील, नाहीतर एकही नाही. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या कमांड-लाइन टूलमध्ये ९.६ व्हर्जनपासून 'जीएक्झेक' ही कमांड आहे, ते तयार स्टेटमेंट्स लगेच चालवतं. पण मग वाचायची पायरीच जाते, त्यामुळे मी ते टाळतो.

लाखो रो असतील तर ही पद्धत फार हळू चालते. तिथे नव्या व्हॅल्यू तात्पुरत्या टेबलात भरून एकच अपडेट चालवणं बरं.