पाटीवर काय लिहावं: वाडा, हवेली, राजवाडा की घर?

कोकणातलं जुनं मूळ घर दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडायचं ठरलं, की पाटी रंगवताना बरेच जण अडतात. घर मोठं आहे, जांभ्याच्या चिऱ्यांचं आहे, मग ‘वाडा’ लिहूया का? की ‘हवेली’ जास्त उठून दिसेल? हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात, पण प्रत्येक शब्द वेगळी कबुली देतो. पाहुणा ती कबुली मनात धरूनच गाडीतून उतरतो.

आधी वाडा, कारण खरी निवड बहुतेक इथेच असते. संस्कृतात ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, त्यावरूनच वाडा. ‘वाटिका’ त्याच घरातली. म्हणून कोळ्यांच्या वस्तीचा कोळीवाडा होतो आणि गुरं बांधायची जागा गुरांचा वाडा. भव्यतेचा अर्थ चढला तरी मुळातला बंदिस्तपणा सुटला नाही. मूळ श्रीवर्धनच्या पेशव्यांनी पुण्यात १७३२ साली शनिवारवाडा उभा केला, त्यालाही पुढे भोवती तटबंदी आणि पाच दरवाजे आलेच. लहान वाड्यातही हेच दिसतं. मोठ्या दरवाज्यात बसवलेली दिंडी, तिच्यातून मान लववून आत जायचं, मग एकदम वर आभाळ, म्हणजे उघडा चौक, आणि त्याच्या चारी बाजूंना सोपे, म्हणजे चौकाकडे उघडे असलेले ओसरीसारखे भाग. वाड्याचा वाडेपणा त्या चौकात आहे, खोल्यांच्या संख्येत नाही.

आता आपलं घर बघा. पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर, बाजूला देवघर, वर माळा, मागे परसू आणि पलीकडे नारळ-सुपारीची वाडी. सगळं एका ओळीत आत जात राहतं आणि वर उतरतं कौलारू छप्पर. किनाऱ्यावर पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चौक ठेवला तर छपराच्या चारी पाख्यांचं, म्हणजे उतारांचं, पाणी घराच्या पोटात उतरणार आणि ते बाहेर काढायला दगडी मोरी बांधावी लागणार. ज्यांना ते झेपलं त्यांनी चौसोपी घरं बांधली. अशी घरं इथेही आहेत, आणि त्यांना वाडा म्हणणं शंभर टक्के रास्त आहे. बाकी बहुतेकांनी अंगण बाहेरच ठेवलं. हे कमीपणाचं मुळीच नाही. उलट पावसाशी इतकं समजून उमजून वागणारी बांधणी दुसरीकडे क्वचितच सापडेल. पण तिला वाडा म्हटलं, की पुण्या-साताऱ्याकडचा पाहुणा चौक शोधतो.

वाड्याला एक सामाजिक बाजूही आहे. गावात ‘खोतांचा वाडा’ म्हटलं की सारा वसूल करणारं घर डोळ्यांपुढे येतं. खोती १९४९च्या कायद्याने संपली, शब्दातला दरारा मात्र जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून जाणवतो. घर खोताचं नसेल तर हा दरारा उसना का घ्यावा?

राजवाड्याचं गणित निराळं आहे. तिथे बांधणी नाही, राहणारा मोजला जातो. सावंतवाडीच्या भोसल्यांचा राजवाडा आहे, कारण तिथे राजघराणं राहिलं. रत्नागिरीत तर याचा कळसच दिसतो. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली तिथे आणून ठेवलं. राज्य गेलेलं, माणूस नजरकैदेत. तरी १९१०च्या सुमारास त्याच्यासाठी बांधलेल्या इमारतीला लोक थिबा राजवाडाच म्हणतात, नाहीतर थिबा पॅलेस. त्यामुळे आठ खोल्या असोत की अठरा, राजा नसेल तिथे हा शब्द नको.

हवेली मला कोकणात अजिबात पटत नाही. शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि पुण्याभोवतीच्या तालुक्याचं नावही तेच आहे. पण घर म्हणून हवेली म्हटलं, की राजस्थान-गुजरातकडचे झरोके आणि रंगवलेल्या भिंती आठवतात. मंगलोरी कौलांखाली तो शब्द परका वाटतो. महाल आणि प्रासाद लग्नाच्या हॉलांनी वापरून गुळगुळीत केलेत. सौध तर अर्थानेच बसत नाही: सुधा म्हणजे चुना, सौध म्हणजे चुन्याचा गिलावा केलेलं घर, आणि तुमची शोभा उघड्या तांबड्या जांभ्यात आहे.

बंगला हा प्रामाणिक शब्द आहे. भोवती मोकळी जागा, एकाच कुटुंबाचं, बहुधा नवं बांधकाम. स्लॅब टाकून नव्याने बांधलं असेल तर बेलाशक बंगला लिहा.

माझं मत सांगायचं तर, आत उघडा चौक असेल तर वाडा, नसेल तर घर. ‘मूळ घर’, ‘थोरलं घर’, ‘ओटीचं घर’ अशी नावं गावात बोलली जातातच. त्यांत मोठेपणा आहे आणि खोटं काही नाही. ‘बडा घर पोकळ वासा’ असं कुणी म्हणायला जागा उरत नाही.

वाडाच ठरला तर आडनावाला नुसतं जोडून मोकळे होऊ नका. आडनाव किंवा जात आणि पुढे वाडा-वाडी म्हटलं की ऐकणाऱ्याला वस्ती वाटते. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० साली घेतला, तेव्हा जातीचं नाव तर टाळाच. शिवाय देवगड तालुक्यात वाडा नावाचं गाव आहे आणि पालघर जिल्ह्यात त्याच नावाचा तालुका. पाटीवर नावाखाली गाव, वाडी आणि जवळचं देऊळ लिहा, म्हणजे रात्री एसटीतून उतरलेला पाहुणा भलतीकडे जाणार नाही.