पाळणाघर, घरी येणाऱ्या मावशी की ऑफिसचं क्रेश?

प्रसूती रजा २६ आठवड्यांची असली, तरी त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधीच घेतले, तर आई कामावर रुजू होते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. वरचं अन्न सुरू झालेलं नसतं. त्यामुळे पहिला प्रश्न दुधाचा.

काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस चालतं. एप्रिल-मे मध्ये ते थेट फ्रिजमध्येच जायला हवं. बाटली कोमट पाण्यात धरून गरम करावी. मायक्रोवेव्हमध्ये दूध कुठे गार, कुठे कढत राहतं आणि बाळाचं तोंड भाजतं.

अंगावर पिणाऱ्या बाळाला ऑफिसचं क्रेश सगळ्यात सोयीचं. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ते बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जायची मुभा दिली. अडतं ते प्रवासात. गर्दीच्या लोकलमधून तान्हं बाळ रोज नेणं अशक्यच.

मग वर्षाच्या आत मावशीच बऱ्या. पण त्यांच्यावर स्वयंपाक आणि भांडी टाकू नका. रांगणारं मूल तेवढ्या वेळात गॅलरी गाठतं. पोलीस पडताळणी करून घ्या. मावशी गणपतीला गावी गेल्या तर बदली कोण आणि किती दिवसांत, हे त्यांना पाठवणाऱ्या ब्युरोकडून लेखी घ्या.

दीड वर्षानंतर आमची पसंती पाळणाघराला. बघायला जाताना सकाळी ११ची वेळ घेऊ नका, तेव्हा सगळीकडे छान दिसतं. दुपारी १ वाजता, जेवण भरवताना जा आणि हात मोजा: स्वयंपाकाच्या बाई सोडून, दोन वर्षांखालच्या ३-४ मुलांमागे एक ताई हवी. कमी असल्या की एकाच वाटी-चमच्याने पाच मुलं जेवतात आणि एकाचे जुलाब सगळ्यांना होतात. लंगोट बदलायची जागा स्वयंपाकघरापासून लांब आहे का, ताई नंतर साबणाने हात धुतात का, तेही पाहा. कॅमेऱ्यावर यातलं फारसं दिसत नाही. तापलेलं मूल ते घेत नसतील तर ती तक्रारीची गोष्ट नव्हे, चांगली खूण आहे.

मूल पाळणाघरात पूर्ण वेळ ठेवायच्या दोन आठवडे आधी सवय लावायला सुरुवात करा: तीन दिवस सोबत बसून एक तास, मग एकट्याने दोन तास, मग जेवणापर्यंत, शेवटी झोपेसकट. मूल तिथे झोपलं की निम्मं काम झालं.