‘स्ट्रेंज फ्रूट’: घ्यायची ती १९३९ चीच प्रत

अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेने हे गाणं पुन्हाही ध्वनिमुद्रित केलं, पण घ्यावं ते कमोडोरचं, एप्रिल १९३९ चं. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने नकार दिला म्हणून ते कमोडोर या छोट्या कंपनीकडे आलं. मूळ कविता एबल मीरोपोल या न्यूयॉर्कच्या शिक्षकाची, १९३७ साली छापलेली. विषय अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं झुंडीने केलेलं लिंचिंग. आधी कविता मोठ्याने वाचा, मग गाणं लावा.

गायला सुरुवात होईपर्यंत सुमारे ७० सेकंद जातात. तेवढं पुढे सरकवलंत तर हातचं गेलंच: ट्रम्पेट आणि पियानो तिथेच छातीवर दडपण आणतात. फोनच्या स्पीकरवर हे पोहोचत नाही, हेडफोन हवेत. शेवटचा शब्द ती ताणते आणि तोडते. त्यानंतर लगेच दुसरं गाणं सुरू होईल अशी यादी लावू नका. ती हे गाणं जिथे गायची त्या न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटी या नाइटक्लबात तर दिवे मालवून वाढपीही थांबवत.